कामाचा आवाज

डॉक्टर: वाटत नाही?

ऑपरेटर: हे बघा, आत्ता तुम्ही माझेच शेवटचे दोन शब्द मला परत दिलेत. आणि आवाजही खाली आणलात. आम्हाला हेच शिकवतात.

डॉक्टर: कुठे?

ऑपरेटर: अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये. मी फोन घेते तिथे. समोरचा माणूस घाबरलेला असला की त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे. मग त्याला वाटतं, कोणीतरी ऐकतंय.

डॉक्टर: आणि ऐकत असतं का कोणी?

ऑपरेटर: ऐकत असतो. पण पत्त्यासाठी.

डॉक्टर: मग माझी इथे काही डाळ शिजायची नाही. पण खरं सांगू का, मी शब्द परत म्हटले त्यात काही कसब नव्हतं. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि तुम्ही एवढ्या हळू बोलता की उजव्यापर्यंतही धड पोचत नाही. बरोबर ऐकलं का, ते बघत होते.

ऑपरेटर: तुम्हाला ऐकू येत नाही? मग पेशंटचं कसं करता?

डॉक्टर: विचारते, काय म्हणालात म्हणून. काही जण वैतागतात. पण ऐकू आलेलं नसताना मान डोलवायची नाही, एवढं पथ्य पाळते मी. तुम्ही जरा या खुर्चीवर याल? खिडकीकडच्या. हां, असं. हा माझा चालणारा कान. आता पुन्हा सांगा. काय वाटत नाही?

ऑपरेटर: काहीच. आधीच्या दोघांनाही हेच सांगितलं.

डॉक्टर: दोघं झाले माझ्याआधी?

ऑपरेटर: पहिले ऑफिसनं दिले होते. ते दर वेळी विचारायचे, आज दुःख दहापैकी किती. मी म्हणायचे शून्य. त्यांना वाटायचं मी सहकार्य करत नाही. दुसऱ्या बाई फार गोड होत्या. मी खुर्चीत बसायच्या आत टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवायच्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून एकदा मी एक टिश्यू घेतला.

डॉक्टर: आणि काय केलंत त्याचं?

ऑपरेटर: चष्मा पुसला.

डॉक्टर: बरं. माझ्याकडे डबा नाही. कपाटात असेल एखादा. मग तिसऱ्या दारी का आलात?

ऑपरेटर: लेकीमुळे. ती म्हणते, मी माणसासारखी बोलत नाही. घरातही मला कामाचा आवाज लागलेला असतो म्हणे. ती होस्टेलवर जाणार आहे. कॉलेज याच गावात आहे तरी. माझ्यासमोर तिनं कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवले, आणि मी घड्या घालून दिल्या.

डॉक्टर: तेव्हा?

ऑपरेटर: तेव्हा काही नाही. बाह्या नीट जुळवल्या. रात्री वाटलं, आपण हे काय केलं? म्हणजे, वाटलं नाही. लक्षात आलं. म्हणून आले. तुम्ही आता विचारणार ना, मिस्टर कसे गेले?

डॉक्टर: किती जणांना सांगितलंय ते?

ऑपरेटर: सगळ्यांना. पाठ झालंय.

डॉक्टर: मग नको. पाठ झालेलं मला नको. गेले कसे ते राहू दे, होते कसे ते सांगा.

ऑपरेटर: कसे म्हणजे?

डॉक्टर: म्हणजे जेवताना काय करायचे, कशावरून भांडायचे. काहीही.

ऑपरेटर: चष्म्याचं दुकान होतं त्याचं. काचा स्वतः घासायचा. कुणाच्याही घरी गेलो की आधी त्यांचे चष्मे मागून घ्यायचा आणि पुसून द्यायचा. मला लाज वाटायची. मी म्हणायचे, अरे, आपण पाहुणे आहोत.

डॉक्टर: काय म्हणायचा?

ऑपरेटर: म्हणायचा, पाहुणा आलाय तो दिसू तरी दे त्यांना.

डॉक्टर: हसलात तुम्ही.

ऑपरेटर: नाही. तोंड हललं.

डॉक्टर: असेल. पुढच्या मंगळवारी येता?

*

लेक: आई, एक विचारते, सरळ उत्तर दे. ऑफिसमध्ये ट्रेनिंगला बाबाचा कॉल ऐकवला?

ऑपरेटर: तुला कोणी सांगितलं?

लेक: म्हणजे ऐकवला! माझ्या मैत्रिणीची बहीण लागलीय तुमच्याकडे नवीन. ती घरी जाऊन सांगतेय, आज एक जबरदस्त कॉल ऐकवला, एका बाईनं स्वतःच्या नवऱ्याचा फोन घेतला आणि आवाज एकदाही हलला नाही तिचा. मैत्रीण मला सांगतेय. तिला माहीतच नाही की ती बाई म्हणजे माझी आई.

ऑपरेटर: साहेबांनी विचारलं होतं. नाव काढून टाकू म्हणाले. मुलांना शिकायला चांगला आहे, म्हणाले. मी हो म्हटलं.

लेक: मला विचारावंसं नाही वाटलं?

ऑपरेटर: नाही.

लेक: ‘नाही’! बघ, कशी म्हणतेस! जसं काय कोणी विचारलं, चहा घेणार का. माझ्या बाबाचा शेवटचा आवाज वीस-पंचवीस परक्या पोरांनी हेडफोन लावून ऐकला. मी नाही ऐकला. मी कॉलेजात होते, फोन सायलेंटवर. मला तर तू एकच वाक्य सांगितलंस. ‘त्याला त्रास झाला नाही.’ एवढंच. प्रत्येकाला तेच. मावशीला, शेजारच्या काकांना, दूधवाल्याला.

ऑपरेटर: बसून बोलूया.

लेक: मला नाही बसायचं. तो काय म्हणाला फोनवर? मला विचारलं त्यानं? घाबरला होता?

ऑपरेटर: ऐका. आधी शांत व्हा. मी आहे इथे, मी ऐकतेय.

लेक: काय?

ऑपरेटर: काय झालं?

लेक: मला ‘शांत व्हा’ म्हणालीस. ‘ऐका’ म्हणालीस. आई, मला तू अहो-जाहो केलंस! या घरात कोणी कधी कोणाला अहो-जाहो केलं नाही, बाबालासुद्धा नाही. मी तुझ्या कंट्रोल रूमला फोन करणारी कॉलर आहे का?

ऑपरेटर: माझ्या लक्षात नाही आलं, ठमे.

लेक: तेच तर. मी रविवारी जातेय. मैत्रिणीचा भाऊ गाडी घेऊन येईल. तू घड्या घालू नकोस.

*

ऑपरेटर: तर असं झालं. लेकीला मी ‘व्हा’ म्हटलं. तिनं सांगेपर्यंत मला पत्ताही नव्हता.

डॉक्टर: तुम्हाला स्वतःला ऐकू आलं नाही.

ऑपरेटर: नाही. आता तुम्ही म्हणाल, ताणामुळे होतं असं.

डॉक्टर: म्हणणार होते खरी. तुम्हीच म्हणालात, बरं झालं. मी दुसरंच विचारते. घरातल्या माणसाला असं ‘तुम्ही’ पहिल्यांदाच म्हणालात की आधीही कधी म्हणाला होतात?

ऑपरेटर: आधी एकदा.

डॉक्टर: काय म्हणालात? पुटपुटू नका हो.

ऑपरेटर: आधी एकदा म्हटलं होतं! त्याला. त्या फोनवर.

डॉक्टर: सांगाल? आता ते पाठ केलेलं नसेल, असं वाटतंय मला.

ऑपरेटर: दुपारची वेळ होती. जेवायच्या सुमाराला फोन कमी असतात. हेडफोनमध्ये वाजला, मी नेहमीसारखं विचारलं, ‘काय झालंय?’ तो म्हणाला, ‘छातीत दुखतंय, घाम सुटलाय.’ पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला. मग मी विचारलं, ‘तुमचा पत्ता सांगा.’

डॉक्टर: तुमच्याच घराचा.

ऑपरेटर: विचारावाच लागतो. तो दुकानातही असू शकला असता. आणि त्यानं सांगितला. सगळा, नीट. तिसरा मजला, लिफ्टसमोरचं दार, खाली औषधाचं दुकान आहे. मी टाइप करत होते. लिफ्टसमोरचं दार. मग म्हटलं, ‘तुम्ही एकटे आहात का? दार उघडता येईल का? उघडून तिथेच खाली बसा, भिंतीला टेकून. फोन ठेवू नका.’ प्रत्येक वाक्याला तो ‘हो मॅडम’ म्हणत होता.

डॉक्टर: मॅडम?

ऑपरेटर: तेच मला कळत नाही. मी चिडले की घरी मला चिडवायला तो ‘हो मॅडम, बरं मॅडम’ करायचा. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईलाही मॅडमच म्हणायचा. मग हे कुठलं होतं? त्यानं मला ओळखलं आणि थट्टा केली? का कुणीतरी अनोळखी बाई बोलतेय असं समजून उत्तरं देत होता? त्यानंही मला ‘तू’ म्हटलं नाही. एकदा म्हणाला, ‘तुम्ही गाडी पाठवलीत ना?’ मी म्हटलं, ‘निघाली आहे, तुम्ही दाराकडे बघत राहा.’

डॉक्टर: ओळखलं असणार हो त्यानं. इतक्या वर्षांचा संसार. तुमचाच आवाज कानात घेऊन गेला तो. केवढा आधार वाटला असेल त्याला!

ऑपरेटर: थँक यू, डॉक्टर. बरं वाटलं ऐकून.

डॉक्टर: थांबा. हे ‘थँक यू’ कुठल्या आवाजात होतं?

ऑपरेटर: कुठल्या म्हणजे?

डॉक्टर: आत्तापर्यंत मला दोन्ही कान असल्यासारखं ऐकू येत होतं. आणि हे एकदम गुळगुळीत आलं. मी काहीतरी चुकीचं बोलले. सांगा मला.

ऑपरेटर: नाही, चुकीचं असं काही नाही. सगळे तसंच म्हणतात.

डॉक्टर: म्हणून तर. सांगा.

ऑपरेटर: त्यानं ओळखलं असणार, हे तुम्हाला कसं माहीत?

डॉक्टर: नाही माहीत.

ऑपरेटर: मग का म्हणालात?

डॉक्टर: मला ते ऐकवेना म्हणून. तो दाराकडे बघत बसलाय, आणि कोणाशी बोलतोय ते त्याला माहीत आहे की नाही हेच माहीत नाही. मला सहन झालं नाही, आणि मी घाईघाईनं झाकण लावलं. तुमच्या सोयीसाठी नाही, माझ्या. चुकलं माझं.



ऑपरेटर: आमच्याकडे असं चुकलं म्हणायला परवानगी नसते. फोन चालू असताना.

डॉक्टर: माझ्याकडे आहे. वापरावी लागते अधूनमधून.

ऑपरेटर: मी ‘तू’ म्हटलं असतं तर त्याला नक्की कळलं असतं. ‘अरे, मी आहे’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

डॉक्टर: हो. कळलं असतं.

ऑपरेटर: तुम्ही ‘असं मनाला लावून घेऊ नका’ नाही म्हणालात.

डॉक्टर: नाही म्हटलं. ‘तू’ म्हटलं असतं तर तुमचं काय झालं असतं?

ऑपरेटर: हात थांबले असते. मला टाइप करता आलं नसतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ‘तू’ म्हटलं की मी बायको होणार, आणि बायकोला गाडी कशी पाठवायची ते माहीत नाही.

डॉक्टर: म्हणजे गाडी ‘तुम्ही’नं पोचवली.

ऑपरेटर: पोचवली. उशीर अजिबात झाला नाही. तरी गेला.

डॉक्टर: आणि फोन कसा संपला?

ऑपरेटर: गाडीवरचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आम्ही आलोय.’ ते पोचले की आपण फोन सोडायचा, असा नियम आहे. मी सोडला. लगेच पुढचा वाजला, तो घेतला. एक म्हाताऱ्या बाई बाथरूममध्ये घसरल्या होत्या. त्यांना म्हटलं, ‘तुम्ही उठायचा प्रयत्न करू नका.’ त्यांची गाडी पाठवली. मग हेडफोन काढून साहेबांकडे गेले आणि म्हटलं, आधीचा कॉल माझ्या घरचा होता.

डॉक्टर: तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं?

ऑपरेटर: कसं कळणार? माझा आवाज हलला नव्हता.

डॉक्टर: आणि अजून हललेला नाही.

ऑपरेटर: डॉक्टर, माझे हात गार पडलेत.

डॉक्टर: कधीपासून?

ऑपरेटर: माहीत नाही. आत्ता कळलं. पंखा बंद कराल?

डॉक्टर: केला. बसा अजून थोडं.

ऑपरेटर: ते रेकॉर्डिंग ते अजून ऐकवणार आहेत. पुढच्या बॅचला. लेक म्हणते, थांबव. मला थांबवावंसंही वाटत नाही, ऐकवावंसंही वाटत नाही. राग आला असता तर साहेबांना काही म्हणता आलं असतं.

डॉक्टर: नाही म्हणायला आधी राग यायलाच हवा का?

ऑपरेटर: यायला नको?

डॉक्टर: त्या दिवशी तुम्हाला काय काय वाटत होतं कोण जाणे, ते सगळं बाजूला ठेवून तुम्ही काम केलंत. मग न वाटता ‘नाही’ म्हणणं तुम्हाला जड जायचं नाही. म्हणायचंच असलं तर. मी सांगते म्हणून म्हणू नका.

ऑपरेटर: वेळ संपली ना आपली?

डॉक्टर: संपली. पण तुमचे हात गार आहेत. खाली जाऊन काहीतरी गरम प्या, मग घरी जा. हा काही उपचार नाही, असंच सांगतेय.

*

लेक: तू आज लवकर कशी?

ऑपरेटर: अर्धी सुट्टी घेतली. रविवारी कधी येतोय तो गाडीवाला?

लेक: रविवार आजच आहे, आई.

ऑपरेटर: हो. आजच. मला म्हणायचं होतं, किती वाजता.

लेक: येईलच आता. ही चेन लागत नाहीये.

ऑपरेटर: दोन स्वेटर कशाला कोंबतेस? तिथे गरम होतं म्हणालीस.

लेक: एक बाबाचा आहे.

ऑपरेटर: असू दे मग. बाजूच्या कप्प्यात घाल, लागेल चेन. साहेबांशी बोलले मी. तो कॉल पुन्हा कोणाला ऐकवायचा नाही म्हटलं.

लेक: काय म्हणाले?

ऑपरेटर: म्हणाले, ताई, इतका चांगला कॉल आपल्याला परत मिळायचा नाही.

लेक: अरे देवा. आणि तू?

ऑपरेटर: म्हटलं, न मिळू दे.

लेक: चिडलीस त्यांच्यावर?

ऑपरेटर: नाही. खोटं कशाला सांगू? काही आलंच नाही मनात. तरी म्हटलं. ते बघत राहिले माझ्याकडे, मग हो म्हणाले.

लेक: हं. थँक्स.

ऑपरेटर: ठमे, मला रडू येत नाही. येईल का तेही मला ठाऊक नाही. तू त्याची वाट बघत थांबू नकोस. आणि त्यासाठी जाऊही नकोस.

लेक: हे त्या डॉक्टरनी शिकवलं बोलायला?

ऑपरेटर: ती शिकवत नाही काही. मंगळवारी चुकली, आणि चुकले म्हणाली. मी बघतच राहिले तिच्याकडे.

लेक: कशात चुकली?

ऑपरेटर: बाबाबद्दल काहीतरी बरं बोलायला गेली, तिला माहीत नसताना.

लेक: सगळेच बोलतात. आई... तो घाबरला होता का?

ऑपरेटर: हो.

लेक: तू तर म्हणाली होतीस, त्रास झाला नाही.

ऑपरेटर: म्हणाले होते. झाला त्याला त्रास. घाबरला होता. श्वास लागत होता मधेमधे, मला ऐकू येत होता.

लेक: माझं नाव घेतलं त्यानं?

ऑपरेटर: नाही. कोणाचंच घेतलं नाही. मी प्रश्न विचारत होते, तो उत्तरं देत होता.

लेक: मला ऐकायचंय. रेकॉर्डिंग नको. तुझ्याकडून.

ऑपरेटर: सगळं?

लेक: सगळं.

ऑपरेटर: त्यात एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. तुला ऐकून कळेल असंही नाही. कदाचित कधीच कळणार नाही. चालेल?

लेक: माहीत नाही. चालवून बघू.

ऑपरेटर: खाली हॉर्न वाजतोय.

लेक: वाजू दे. मेसेज टाकते त्याला, चहा पिऊन ये म्हणून. सरक जरा.

ऑपरेटर: बॅग खाली ठेव, म्हणजे जागा होईल. अशी बस. भिंतीला टेक.

लेक: कुठून सांगशील?

ऑपरेटर: फोन वाजला तिथून.